मनकर्णाबाईंचा जबाब

आमच्या संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात मनकर्णाबाई अठरा वर्षांपासून स्वयंपाक करतात. वसतिगृह उस्मानपुऱ्यात, कॉलेजच्या मागच्या अंगाला आहे. मी त्याच कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक आहे आणि येत्या मे महिन्यात निवृत्त होणार आहे. मनकर्णाबाईंबद्दल लिहायचं कारण असं की, गेल्या वर्षी मी इतिवृत्तात लिहिलेल्या तीन ओळींमुळं त्यांचं काम जाणार होतं. त्या ओळींत एकही गोष्ट मी पदरची घातली नव्हती.

त्या मूळच्या गंगापूर तालुक्यातल्या. शाळा चौथीपर्यंत. सोळाव्या वर्षी लग्न झालं. नवरा रामकिसन वाळूजला एका कारखान्यात पॅकिंगला लागला, म्हणून दोघं शहरात आली आणि मुकुंदवाडीत राहिली. मुलगी मोनाली सोयगावला दिली आहे. रामकिसन आता घरीच असतात. साखरेच्या आजारानं त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. मनकर्णाबाई पहाटे साडेपाचला शेअर रिक्षानं निघतात, सहाला गॅस पेटवतात आणि एकशे दहा मुलींचा नाष्टा, दोन वेळचं जेवण करून संध्याकाळी सातला परततात. त्यांच्यासोबत आणखी चार बायका आहेत. त्यांतल्या पारूबाई वयानं सगळ्यांत मोठ्या. पण स्वयंपाकघर चालतं ते मनकर्णाबाईंच्या तोंडावर.

मनकर्णाबाई कुणाला सरळ रागवत नाहीत. त्या कौतुक करतात. संस्कृती नावाची एक मुलगी रोज नाष्ट्याला उशिरा येते. तिला म्हणतात, "या राणीसाहेब. सूर्याला सांगून ठिवलंय मी, आमची संस्कृती उठल्याबिगर वर येऊ नगं." नळ दुरुस्त करून गेलेला प्लंबर परत आला तेव्हा म्हणाल्या, "काय हात हाय बाबा तुझा! एक नळ गळत व्हता, आता दोन गळायलेत." वरण पातळ आहे म्हणून कुणी कुरकुर केली, तर "पातळ नाय बाई, आरसा हाय. टिकली नीट करून घे त्यात." सगळ्या हसतात, जिला बोललं तीही हसते, आणि दुसऱ्या दिवशी थोडी लवकर येते.

हे सगळं मी बरीच वर्षं ऐकत होतो. तरी माझ्याकडून चूक झाली.

गेल्या जूनमध्ये संस्थेनं वसतिगृहाची मेस केटररला द्यायचं ठरवलं. आमचे सचिव इंद्रजीत सर यांनी एका दुपारी पाचही बायकांना सभागृहात बोलावलं. प्राचार्य होते आणि इतिवृत्त लिहायला मी. सचिवांना साडेतीनला दुसरी बैठक होती. त्यांनी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला, या बदलाबद्दल तुमचं म्हणणं काय. पारूबाई म्हणाल्या, "ठिवा साहेब, सांगताल ते करू." बाकी तिघींनीही तेच म्हटलं. मनकर्णाबाईंचा नंबर शेवटी आला.

"म्हणणं काय असायचं साहेब," त्या म्हणाल्या. "लई ब्येस केलं तुम्ही. सतरा वर्सं त्या भट्टीपाशी उभी हाय मी, कुणाला दया आली नाय, तुम्हाला आली. तुमच्यासारखं काळीज कुणाचं नाय. आता घरी बसन, हातावर हात ठिवून आराम करन. उद्या कशाला, आजच सोडा की मला. लई उपकार झाले."

सचिव प्राचार्यांकडं वळून म्हणाले, "बघा, किती समजूतदार बाई आहेत." मग मला म्हणाले, "भाऊसाहेब, नीट लिहून घ्या हे."

मी नीट लिहून घेतलं. "श्रीमती मनकर्णाबाई यांनी निर्णयाचे स्वागत केले. सतरा वर्षांच्या सेवेनंतर विश्रांती मिळत असल्याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले व आभार मानले. तात्काळ कार्यमुक्त करण्याची त्यांनी स्वतः विनंती केली." खाली पाचही जणींच्या सह्या घेतल्या. मनकर्णाबाईंनी मोठ्या अक्षरांत 'मनकर्णा' असं लिहिलं.

आठवड्याभरात केटररनं कळवलं की, जुन्यांपैकी ज्यांना काम हवं आहे त्यांना एक जुलैपासून तो ठेवून घेईल. इतिवृत्ताप्रमाणे तशा चार होत्या. मनकर्णाबाईंना पत्र गेलं, "आपल्या विनंतीनुसार आपणांस दि. ३० जूनपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे."

पत्र मिळालं त्याच दिवशी त्या कार्यालयात आल्या. हाताला पीठ तसंच होतं. विशाखा दाभाडे मॅडम तेव्हा माझ्यासमोर बसल्या होत्या. त्या अकरावी-बारावीला मराठी शिकवतात, आणि रजेचा अर्ज घेऊन आल्या होत्या.

"भाऊसाहेब, ह्ये काय लिवलंय, वाचा बरं."

मी वाचलं.

"इनंती? मी कवा केली इनंती?"

मी रजिस्टर काढून नोंद वाचून दाखवली. त्या मान हलवत ऐकत होत्या, जणू एकेक वाक्य ओळखीचं लागत होतं. संपल्यावर म्हणाल्या, "ह्ये मीच बोलले. पर असं बोलले का मी?"

"मनकर्णाबाई, शब्द तुमचेच आहेत. 'आजच सोडा' म्हणालात तुम्ही."

"अहो, सासू सुनंला म्हणती, जा माहेरी, नगं येऊ परत. म्हणून सून काय बोचकं बांधती व्हय?"

"पण खाली सही तुमची आहे."

"तुम्ही लिवलं म्हणून केली सही. तुम्ही काय खोटं लिवणार का?"

मी खोटं लिहिलं नव्हतं. विशाखा मॅडमनी रजिस्टर आपल्याकडं वळवून घेतलं. वाचताना आधी त्यांना हसू आलं, मग त्या गंभीर झाल्या.

"भाऊसाहेब, ही व्याजस्तुती आहे."

मी कॉमर्सला होतो. आम्हाला व्याजाचे दोनच प्रकार शिकवले होते, सरळ आणि चक्रवाढ. मी म्हणालो, "मॅडम, यात व्याजाचा काय संबंध? इथं रक्कमच नाही."

"हे ते व्याज नाही. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, निमित्त. वरून स्तुती करायची आणि आतून बोल लावायचा, त्या अलंकाराला व्याजस्तुती म्हणतात. उलटंही असतं, वरून निंदा आणि आत कौतुक. मनकर्णाबाईंनी वरून उपकार मानले. आत त्या म्हणाल्या, सतरा वर्षं राबले आणि आता तुम्ही मला वाऱ्यावर सोडताय."

"व्हय!" मनकर्णाबाई म्हणाल्या. "ह्येच म्हणलं मी. बघा, म्याडमला कळलं."

"मग तसं म्हणायचं ना," मी म्हणालो.

"तसंच तर म्हणलं!"

मॅडमनी मला आणखी समजावलं. शब्दाच्या तीन शक्ती मानतात. शब्दाचा सरळ, कोशातला अर्थ देते ती अभिधा. बोलणाऱ्याला जे सुचवायचं असतं ते पोचवते ती व्यंजना. "मधे लक्षणा असते, ती आज राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्या व्यंजनेत बोलल्या आणि तुम्ही अभिधा लिहिलीत."

"मॅडम, इतिवृत्तात आम्ही अभिधाच लिहितो. दुसरं काही लिहायची सोय नाही."

"माहीत आहे. म्हणून तर बाईंना पत्र आलं."

त्याच दुपारी मी इतिवृत्त दुरुस्तीची टिपणी तयार करून सचिवांकडं गेलो. चौतीस वर्षांच्या नोकरीत अशी टिपणी मी कधी लिहिली नव्हती. विषय लिहिताना दोनदा कागद बदलला. शेवटी लिहिलं, "सदर विधान उपरोधाने केले असल्याने अर्थ विपरीत नोंदला गेल्याबाबत."

सचिवांनी ती वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "भाऊसाहेब, शब्द बाईंचे, सही बाईंची. आता घरी जाऊन मन बदललं असेल. उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, माझ्या बोलण्याचा अर्थ उलटा होता. मग काय रजिस्टरमध्ये माणसाचा सूरसुद्धा लिहिणार आहात का तुम्ही?"

"सूर लिहिला नाही म्हणूनच हे झालं, सर."

"बरं. त्या अशाच बोलतात याला पुरावा काय?"

हा प्रश्न माझ्या मते रास्त होता. मी तो विशाखा मॅडमना सांगितला. दुसऱ्या दिवशी त्या तनुजाला घेऊन आल्या. तनुजा फर्दापूरची, बारावी झालेली, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी. त्या परीक्षेत मराठी व्याकरणाचे प्रश्न असतात. मॅडमनी वसतिगृहातल्या मुलींना सांगितलं होतं की, पुस्तकातली उदाहरणं सगळ्यांनाच पाठ असतात, तुम्ही जेवणघरात वही घेऊन बसा. तनुजानं ते मनावर घेतलं होतं. दोनशे पानी वही, प्रत्येक अलंकाराला वेगळं पान, प्रत्येक वाक्याखाली तारीख. अनन्वयाच्या पानावर होतं, "आमच्या वार्डनम्याडमसारख्या वार्डनम्याडमच." अतिशयोक्तीला दोन पानं लागली होती. व्याजस्तुतीला सहा.

"सहा पानं?" मी विचारलं.

"सर, अजून लिहायची राहिलीत," तनुजा म्हणाली. "मावशी भरभर बोलतात."

मी वाचत गेलो. दुसऱ्या पानावर माझंच नाव दिसलं. "भाऊसाहेबांची फाईल म्हंजे पैठणी. घाई करून कसं चालंल? सहा महिने तरी मागावर पायजे." हे वाक्य मला आठवत होतं. ओळखपत्राच्या चौकशीला आल्या असताना कार्यालयाच्या दारातच त्या ते बोलल्या होत्या. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं की, स्वयंपाकघरातल्या बाईलाही निगुतीच्या कामाची किंमत कळते.

तनुजा खाली बघत होती. मी पान उलटलं.

सहा पानांच्या झेरॉक्स काढल्या, वर क्रमांक घातले, 'परिशिष्ट अ' असं लिहिलं. चौथ्या पानावर आल्यावर मॅडमनी माझा हात धरला. तिथं होतं, "सचिव साहेबांचं भाषण लई गोड. पोरी भूक इसरल्या. भात तेवढा तीनदा गरम करावा लागला."

"हे पान बाहेर राहू द्या, भाऊसाहेब. ते चिडतील, आणि सगळंच मुसळ केरात जाईल."

"क्रमांक घातलेत, मॅडम. चौथं पान नसलं तर पहिला प्रश्न त्याचाच येईल."

सचिवांनी पहिली तीन पानं हसत वाचली. पैठणीच्या वाक्यावर माझ्याकडं बघितलंही. चौथ्या पानावर मात्र थांबले. मी उभाच होतो.

"हे त्या मला स्नेहसंमेलनात म्हणाल्या होत्या," ते म्हणाले. "तोंडावर. मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं."

त्यांनी भाताच्या ओळीवर बोट ठेवलं.

"तीनदा?"

"वेळापत्रकात भाषण पंधरा मिनिटांचं होतं, सर."

त्यांनी पानं एकत्र करून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "सोमवारी बोलवा बाईंना. पण एक गोष्ट त्यांना स्पष्ट सांगा. एकच प्रश्न विचारीन आणि त्याचं सरळ उत्तर पाहिजे. फिरवून बोलल्या तर आहे ती नोंद कायम. मला रोज अलंकार सोडवत बसायला वेळ नाही."

मी हे सांगितलं तेव्हा मनकर्णाबाई कणीक मळत होत्या. "एवढंच ना?" म्हणाल्या. पण विशाखा मॅडमना धीर नव्हता. शनिवारी जेवणं झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातच सराव घेतला. तनुजा सचिव झाली. मुली दारात गर्दी करून उभ्या होत्या.

"मनकर्णाबाई, तुम्हाला काम करायचं आहे का?" तनुजानं जाड आवाज काढून विचारलं.

"मला कशाला काम, साहेब? माझ्या चार गिरण्या चालत्यात."

मुली खिदळल्या. मॅडमनी कपाळाला हात लावला. "मनकर्णाबाई, हो किंवा नाही."

"बरं, इचार परत."

"तुम्हाला काम करायचं आहे का?"

"तुम्ही मोठी माणसं. तुमच्या म्होरं आमची काय मर्जी?"

तिसऱ्यांदा तर त्यांनी तनुजाच्याच बोलण्याची तारीफ केली. पारूबाई भांडी पुसत होत्या, त्या वैतागून म्हणाल्या, "अगं व्हय म्हण ना भवाने! माझ्यासारखी म्हण. मला काय लाज वाटली का?"

मनकर्णाबाईंनी हात धुतले आणि पोळपाटापाशी खाली बसल्या. आता त्यांच्या आवाजात खोडकरपणा नव्हता.

"तुला जमतं पारू. मला नाय जमत. म्याडम, सासरी मला सरळ बोलायची सोय नव्हती. माझी सासू लक्ष्मीबाई. तिला पीठ संपलं म्हणलं तरी वाटायचं, सून उलटून बोलती, माझ्या घरात उणं काढती. मग मी म्हणायची, 'आत्या, तुमच्या राज्यात काय कमी हाय, पिठाचा डबाबी कसा तळापस्तोर लखलखतो.' ती खूस व्हायची. हसत हसत दळण काढून द्यायची. धा वर्सं मी असंच पीठ मागितलं, मीठ मागितलं, माहेरी जायला मागितलं. त्येच्यामुळं मार नाय खाल्ला कवा. आता तुम्ही म्हणता सरळ बोल. सरळ बोलले की मी मागणारी झाले ना, म्याडम. सतरा वर्सात हितं कुणापाशी काय मागितलं नाय मी."

तनुजानं सचिवांचा जाड आवाज सोडून दिला.

"मावशी," तनुजा म्हणाली, "एकदाच मागा."

मनकर्णाबाई उठल्या. त्यांनी रात्रीसाठी डाळ भिजत घातली. सराव तिथंच संपला, आणि सोमवारी काय होईल याचा अंदाज आम्हा कुणालाच नव्हता.

सोमवारी सकाळी अकरा वाजता सभागृहात सचिव, प्राचार्य आणि मी. मनकर्णाबाई धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. मी रजिस्टर उघडून तारीख, वेळ, उपस्थिती लिहून घेतली आणि पुढं प्रश्न लिहिला.

सचिव म्हणाले, "मनकर्णाबाई, तुम्हाला इथं काम करायचं आहे की नाही?"

"साहेब, तुमच्यासारखा देवमाणूस..."

मी पेन वर उचललं. सचिवांनी माझ्याकडं बघितलं, पण मधे बोलले नाहीत. त्यांनी थांबावं अशी अट नव्हती. तरी ते थांबले, हे मी इथं नमूद करतो. मनकर्णाबाई माझ्या हातातल्या पेनाकडं बघत होत्या. त्यांचे ओठ दोनदा हलले. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"करायचंय," त्या म्हणाल्या.

आवाज इतका खाली गेला होता की प्राचार्यांनी "काय?" म्हणून विचारलं.

"करायचंय म्हणलं. मला काम पायजे."

मी लिहिलं. एवढ्यावर काम झालं होतं. पण प्राचार्य तोवर काही बोलले नव्हते, त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "का हो? आराम नको?"

"घरी बसले तर महिन्यात मरन मी."

माझं पेन पुन्हा थांबलं. विशाखा मॅडमच्या शिकवणीनंतर मला प्रत्येक वाक्याची शंका यायला लागली होती. ही अतिशयोक्ती असेल आणि मी ती जशीच्या तशी लिहिली तर आणखी कुणी त्याचा भलता अर्थ काढील, अशी भीती वाटली. मी विचारलं, "मनकर्णाबाई, हे कसं लिहू? म्हणजे, हे खरंच असं..."

"खरंच. घरी रामकिसन आन् मी. त्येला दिसत नाय, त्यो दिवसभर रेडू ऐकतो. मी बोलले तर व्हय म्हणतो, बास. हितं एकशे धा पोरी हायत, एकीला बोललं तर धा हसत्यात. मी त्या घरात गप बसून नाय जगायची. लिवा."

"लिहा, 'कौटुंबिक कारणास्तव'," सचिव म्हणाले. ते चुकीचं सांगत नव्हते. आमच्याकडं तसंच लिहितात.

"नाय साहेब," मनकर्णाबाई म्हणाल्या. हा 'नाय' मात्र मोठ्यानं होता. "मी बोलले तसं लिवू द्या त्यांना. मागच्या बारीला भाऊसाहेबांनी चांगल्या भाषेत लिवलं, तवा माझं काम गेलं."

सचिवांनी हातानं मला खूण केली, लिहा. मी लिहिलं. 'करायचंय' लिहिलं, 'पायजे' लिहिलं, 'मरन' लिहिलं. रजिस्टरमध्ये अशी भाषा आजवर गेली नव्हती. तपासणीच्या वेळी कुणी विचारलं, तर उत्तर द्यायला मी मे महिन्यापर्यंत आहे. मग मनकर्णाबाईंनी ते सगळं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. 'मरन' मी वाचलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि सही केली.

त्याखाली सचिवांनी लिहिलं, "पूर्वीची नोंद रद्द." त्या दिवशीच मी केटररला पत्र पाठवलं. एक जुलैला सकाळी त्याची कामगारांची यादी आली. चार नावं छापील होती. पाचवं, मनकर्णाबाईंचं, खाली निळ्या शाईनं हातानं लिहिलेलं होतं.